दुबईची खारीक, चीनमधले साचे आणि जालन्याचे भंगार : आयातीविषयी वाचकांचे प्रश्न

परदेशातून माल मागवताना पाळाव्या लागणाऱ्या सीमाशुल्क व सुरक्षाविषयक नियमांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : वाशीच्या बाजारात आमचा सुक्या मेव्याचा घाऊक व्यापार आहे. आजवर आम्ही मुंबईतील आयातदारांकडून माल घेत होतो. आता स्वतःचा आयईसी (आयात-निर्यात परवाना संकेतांक) क्रमांक काढून थेट आयात करण्याचा विचार आहे. दुबईतील एक व्यापारी बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने खारीक देऊ करतो आहे आणि मालासोबत संयुक्त अरब अमिरातीचे उत्पत्ती प्रमाणपत्र देण्याचे आश्वासनही देतो आहे. असे प्रमाणपत्र हाती असल्यावर आमची जबाबदारी संपते का?

उत्तर : संपत नाही, आणि खारकेच्या बाबतीत तर मुळीच संपत नाही. त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पुलवामा येथील हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावले. पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर, २ मे २०२५ रोजी, विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, पाकिस्तानात उत्पादित झालेल्या किंवा पाकिस्तानातून निर्यात झालेल्या सर्व मालाची आयात पूर्णपणे बंद केली. ही बंदी थेट येणाऱ्या मालापुरती नाही. तिसऱ्या देशातून वळसा घालून येणारा माल आणि भारतातून केवळ पुढे जाणारा मालही तिच्यात येतो. सिंधमधील खैरपूर हा खारकेच्या उत्पादनाचा मोठा पट्टा असल्यामुळे या बंदीचा फटका खारकेच्या व्यापाराला थेट बसला आणि त्यातूनच दुबईमार्गे कागद बदलून माल आणण्याचे प्रकार सुरू झाले. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’ या मोहिमेत न्हावाशेवा बंदरात ३९ कंटेनर पकडल्याचे जाहीर केले. त्यांतील सुमारे १,११५ टन मालाची किंमत ९ कोटी रुपयांच्या आसपास होती. माल अमिरातीचा असल्याचे कागदोपत्री दाखवले होते. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातून एका जहाजाने दुबईला आला होता आणि तेथे दुसऱ्या कंटेनरांत भरून दुसऱ्या जहाजाने भारताकडे रवाना झाला होता. आयात करणाऱ्या एका संस्थेच्या भागीदाराला या प्रकरणात अटकही झाली.

याचा अर्थ आखातातून येणारी प्रत्येक खारीक संशयास्पद आहे, असा नाही. अमिरातीत खजूर पिकतो. ओमानच्या शर्किया भागात तर अर्धवट पिकलेला मबसली जातीचा खजूर उकळून वाळवण्याची जुनी पद्धत आहे आणि तो माल पिढ्यान्‌पिढ्या भारतात येत आलेला आहे. त्यामुळे व्यापाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न भावाचा नसावा. खजूर कोणत्या बागायतीतला आहे, तो उकळून कोठे वाळवला, पोत्यांत कोणी भरला, हे विचारावे आणि उत्तरे लेखी घ्यावीत. शेतमालासोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र येते, ते बारकाईने वाचावे. माल त्याच देशात पिकलेला असेल तर प्रमाणपत्र एका नमुन्याचे असते; दुसऱ्या देशातून येऊन पुन्हा निर्यात होत असेल तर नमुना वेगळा असतो आणि त्यात मूळ देशाचा उल्लेख असतो. बिल ऑफ लेडिंगवरचा (जहाज कंपनीने माल घेतल्याबद्दल दिलेल्या कागदावरचा) कंटेनर क्रमांक जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तो कंटेनर कोठून कोठे गेला, हेही पाहावे. मात्र दुबईत कंटेनरच बदललेला असेल तर या पाहणीतून काही हाती लागणार नाही. म्हणून केवळ कंटेनरच्या प्रवासावर विसंबून न राहता मालाचा प्रवास सिद्ध करणारी कागदपत्रे मागावीत. जो पुरवठादार मूळ बागायतदाराचे किंवा प्रक्रिया केंद्राचे बिल दाखवायला तयार नाही, त्याच्याशी सौदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारभावापेक्षा बराच कमी दर हे या धंद्यात सुदैव नसते. ती एक माहिती असते आणि चौकशी करणारा अधिकारीही तिच्याकडे तसेच पाहतो.

येथे दोन वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांची गल्लत होऊ देऊ नये. भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याखाली शुल्कात सवलत मागायची असेल तर सीमाशुल्क अधिनियमाचे कलम २८डीए आणि २१ सप्टेंबर २०२० पासून अमलात आलेले उत्पत्तिविषयक नियम लागू होतात. या नियमांनुसार माल त्या देशाचाच कसा ठरतो, याची तपशीलवार माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगायची असते, ती किमान पाच वर्षे जपायची असते आणि अधिकाऱ्याने मागितल्यास सादर करायची असते. केवळ प्रमाणपत्र पुढे करून ही जबाबदारी टळत नाही. सवलत मागितलीच नाही तर या विशिष्ट नियमांतून सुटका होईल, पण बंदी तशीच लागू राहील. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालाविषयी सीमाशुल्क खात्याकडे दाखल करायच्या घोषणेत, उत्पत्तीचा देश लिहावाच लागतो आणि तो चुकीचा ठरला तर कलम १११ खाली माल जप्तीस पात्र होतो. आयातदाराला खरी गोष्ट ठाऊक होती की नव्हती, याने जप्तीच्या प्रश्नात फारसा फरक पडत नाही. इतर माल दंड घेऊन सोडवण्याचा पर्याय अधिकाऱ्याला द्यावाच लागतो, परंतु बंदी असलेल्या मालाबाबत कलम १२५ नुसार तो द्यायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर असते. शिवाय मालाच्या किमतीइतका वैयक्तिक दंड होऊ शकतो आणि गंभीर प्रकरणांत फौजदारी खटला चालून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

खाद्यपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, केंद्रीय परवानाही आपल्याला लागेल. सीमाशुल्कातून सुटताना मालाच्या एकूण टिकाऊपणाच्या मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असली पाहिजे, हेही करारात लिहून घ्यावे.

प्रश्न : मी पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक खेळणी विकते. आमच्या रचनेनुसार ब्लूटूथवर चालणारे एक खेळणे चीनमधील कारखान्याकडून बनवून घेत आहोत. साच्यांसाठी कारखान्याला चार लाख रुपये आधीच वेगळे पाठवले आहेत. आमचा क्लिअरिंग एजंट म्हणतो की साच्यांचा खर्च दाखवण्याची गरज नाही आणि बिलही थोडे कमी रकमेचे मागवले तर शुल्कात बरीच बचत होईल. हे सर्वच करतात, असे तो सांगतो. त्याचे ऐकावे का?

उत्तर : ऐकू नये. २०११ पासून आपल्याकडे शुल्काची आकारणी आयातदाराने स्वतः करण्याची पद्धत आहे. एजंट आपल्या वतीने बिल ऑफ एंट्री दाखल करतो. पण त्यातील घोषणा आपली असते आणि खोट्या घोषणेबद्दलची नोटीसही आपल्याच पत्त्यावर येते. शुल्क कमी भरल्याची मागणी काढण्यासाठी सामान्यतः दोन वर्षांची मुदत असते. माहिती दडवल्याचा आरोप असेल तर ती पाच वर्षांची होते. चार वर्षांनंतर नोटीस येईल, तेव्हा हा एजंट आपला दूरध्वनी उचलेलच, अशी खात्री मी तरी देणार नाही.

साच्यांचा मुद्दा अनेकांना ठाऊक नसतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. सीमाशुल्क मालाच्या व्यवहार मूल्यावर लागते, म्हणजे त्या मालासाठी खरेदीदाराने प्रत्यक्ष दिलेल्या किंवा द्यावयाच्या पूर्ण किमतीवर. २००७ च्या मूल्यांकन नियमांतील नियम १० प्रमाणे खरेदीदाराने माल तयार करण्यासाठी पुरवलेले साचे, अवजारे, परदेशात करून घेतलेली रचना, तसेच मालाशी संबंधित स्वामित्वशुल्क, हे सर्व त्या किमतीत मिळवावे लागते. आपण कारखान्याला दिलेले चार लाख हे याच प्रकारात मोडतात, मग ते बिलात दिसोत किंवा न दिसोत. सुदैवाने ही रक्कम पहिल्याच खेपेवर लादली पाहिजे, असे बंधन नाही. या साच्यांतून वीस हजार नग काढण्याचा करार असेल तर प्रत्येक नगामागे वीस रुपये मिळवत जाता येतात. अर्थात त्यासाठी नगांची संख्या करारात लिहिलेली हवी. बँकेतून गेलेली रक्कम आणि बिल ऑफ एंट्रीत दाखवलेले मूल्य यांची तुलना करणे हे तपास यंत्रणांसाठी अगदी सोपे काम आहे. बिल कमी आणि उरलेले पैसे बँकेबाहेरच्या मार्गाने, असा सल्ला कोणी दिला तर तो सीमाशुल्काबरोबरच परकीय चलन कायद्याच्या भंगातही आपल्याला ओढत आहे, हे लक्षात ठेवावे.

शुल्क किती, हाही प्रश्न आपण विचारला असता तर बरे झाले असते, कारण धंद्याचे गणित तेथेच ठरते. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. शंभर रुपये मूल्यावर सत्तर रुपये मूळ शुल्क, त्या सत्तर रुपयांवर दहा टक्के म्हणजे सात रुपये समाजकल्याण अधिभार, आणि मग अशा रीतीने तयार झालेल्या १७७ रुपयांवर एकात्मिक जीएसटी, असा हा हिशेब आहे. यांपैकी जीएसटीची वजावट पुढे मिळते, मूळ शुल्काची मिळत नाही. खेप पाठवण्यापूर्वी त्या दिवशीचा दर आणि वर्गीकरण मात्र पुन्हा तपासून घ्यावे.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे आणि ती आपल्या एजंटाने आपल्याला सांगितलेली दिसत नाही. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते चिन्ह लावण्याचा परवाना भारतीय मानक ब्युरो आयातदाराला देत नाही. ज्या कारखान्यात खेळणे तयार होते, त्या कारखान्याला देते. आपल्या चिनी कारखान्याकडे हा परवाना नसेल तर साचे, करार, मूल्यांकन हे सर्व चोख असूनही माल न्हावाशेवाहून पुढे सरकणार नाही. त्यात ब्लूटूथ असल्यामुळे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण प्रकार मान्यताही लागेल. किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पत्तीचा देश, कमाल किरकोळ किंमत इत्यादी तपशील असले पाहिजेत. साच्यांचे पैसे परत मिळणार नसतील तर ते साचे परवाना असलेल्या कारखान्यात हलवता येतील का, किंवा भारतातच आणून उत्पादन करता येईल का, याचा विचार पुढची रक्कम पाठवण्यापूर्वी करावा. ७० टक्के शुल्काकडे पाहता दुसरा पर्याय कदाचित स्वस्तही पडेल.

प्रश्न : अमेरिकेतील माझा पुतण्या माझ्या मुलाच्या वाढदिवसासाठी एक लहान ड्रोन कुरिअरने पाठवणार आहे. भेटवस्तूला शुल्क लागत नाही, असे ऐकले आहे. हे खरे आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : पुतण्याला आजच कळवून ड्रोन पाठवणे थांबवावे. तयार ड्रोनच्या, तसेच सुट्या स्वरूपात जोडणीसाठी आणलेल्या पूर्ण ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी असून संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच परवानगीने अपवाद केला जातो. ड्रोन लहान आहे, महाग नाही किंवा भेट आहे, याने काहीच बदलत नाही. भेटवस्तू म्हणून शुल्कमाफीत माल मागवण्याची सोयही डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ बंद झाली आहे. तिच्यात आता फक्त जीवरक्षक औषधे आणि राख्या उरल्या आहेत. इतर भेटवस्तू पूर्ण शुल्क भरून आणता येतात, परंतु ज्या वस्तूच्या आयातीलाच बंदी आहे ती शुल्क भरूनही आणता येत नाही. पार्सलवर ‘खेळण्यातले हेलिकॉप्टर’ असे लिहून पाठवण्याची कल्पना कोणी सुचवली तर ती मनावर घेऊ नये, कारण क्ष-किरण यंत्रात ड्रोन ड्रोनसारखाच दिसतो आणि मग बंदीसोबत खोट्या घोषणेचाही प्रश्न उभा राहतो. भारतात बनवलेला ड्रोन येथेच विकत घेता येईल.

प्रश्न : जालन्यात आमची सळ्या तयार करणारी मिल आहे. परदेशी भंगार मागवताना तपासणी प्रमाणपत्र, करारातील विशिष्ट कलमे, किरणोत्सर्गाची चाचणी अशी यादी पुढे येते. भंगार हे भंगारच असते. सुरक्षेचा प्रश्न पोलिसांचा, त्यात सीमाशुल्क खाते कशाला?

उत्तर : आपली चिडचिड समजण्यासारखी आहे, पण हे नियम अपघातांतून आले आहेत. सप्टेंबर २००४ च्या अखेरीस गाझियाबादजवळील साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले आणि त्यांच्या स्फोटात दहा कामगार मरण पावले. युद्ध झालेल्या प्रदेशांतून येणाऱ्या भंगारात असा माल असणे स्वाभाविक आहे. तो भट्टीपर्यंत पोहोचला तर पहिला बळी भट्टीवरच्या कामगाराचा जातो. किरणोत्सर्गी वस्तूंचे भय याहून वेगळे आहे, कारण त्या दिसत नाहीत. २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत फोडला गेला आणि एका माणसाचा मृत्यू झाला. तो स्रोत परदेशातून आलेला नव्हता, दिल्ली विद्यापीठाच्या जुन्या उपकरणातला होता. पण असा एक तुकडा भंगारातून भट्टीत गेला तर तयार होणारे सगळे पोलाद किरणोत्सर्गी होऊ शकते, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

पोलिसांच्या प्रश्नाविषयी एवढेच म्हणेन की बंदर आणि किनारा यांवरची पहिली नजर सीमाशुल्क खात्याची असते. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि त्या खटल्यात सीमाशुल्क खात्याच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाली, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागू नये.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. तुकडे न केलेले धातूचे भंगार नेमून दिलेल्या बंदरांतूनच आणता येते आणि न्हावाशेवा त्यांपैकी एक आहे. पुरवठादाराशी केलेल्या करारात मालात शस्त्रे, दारूगोळा, सुरुंग, गोळे, काडतुसे किंवा किरणोत्सर्गाने दूषित वस्तू नसल्याची स्पष्ट हमी लिहिलेली असावी. माल जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र डीजीएफटीने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच घ्यावे. ती संस्था त्या देशात तपासणी करण्यास अधिकृत आहे की नाही, हे डीजीएफटीच्या यादीत स्वतः पाहावे. पुरवठादाराच्या शब्दावर सोडू नये. काही देशांतून आणि काही बंदरांमार्गे येणाऱ्या मालाला या प्रमाणपत्रात सवलत आहे, तिची सद्यस्थिती सौद्यापूर्वी पडताळावी. प्रमाणपत्रावरचे कंटेनर क्रमांक, सील क्रमांक आणि वजन बिल ऑफ लेडिंगशी जुळतात का, हे माल निघण्याआधी तपासले तर पुढचे निम्मे वाद टळतात. माझा अनुभव असा आहे की सील क्रमांकातल्या एका अंकाच्या चुकीपायी अडकलेला कंटेनर सोडवायला जितका वेळ जातो, तितका कधी कधी खऱ्याखुऱ्या वादालाही लागत नाही. कारखान्याच्या दारात स्वतःचे किरणोत्सर्ग मापक बसवणे हा खर्चाचा भाग मानावा. बंदरातील यंत्रणा आपल्यासाठी आहेच, पण स्थानिक बाजारातून घेतलेले भंगार तिच्यासमोरून जात नाही.

प्रश्न : आमच्या यंत्रभागांचा कंटेनर बंदरात आला, परंतु पुरवठादाराकडून कागद उशिरा आल्यामुळे बिल ऑफ एंट्री सात दिवस उशिरा दाखल झाली. आता विलंब शुल्क, सीएफएसचे (बंदराबाहेर कंटेनर ठेवण्याच्या केंद्राचे) भाडे आणि जहाज कंपनीचे डिटेन्शन (कंटेनर मुदतीत परत न केल्याचा आकार) अशी तीन बिले आली आहेत. यांतील काही माफ होऊ शकते का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तिन्हींचा हिशेब आणि अधिकार वेगवेगळे आहेत. २०२१ मध्ये झालेल्या बदलानंतर बिल ऑफ एंट्री माल येण्याच्या आदल्या दिवसाअखेर दाखल व्हावी लागते. उशीर झाल्यास पहिल्या तीन दिवसांसाठी दररोज ५,००० आणि त्यानंतर दररोज १०,००० रुपये शुल्क लागते. त्यामुळे आपल्या सात दिवसांचे पंधरा हजार अधिक चाळीस हजार, असे एकूण ५५,००० रुपये होतात. उशिराला पुरेसे कारण होते अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो हे शुल्क माफ करू शकतो. त्यासाठी पुरवठादाराशी झालेला तारखांसह पत्रव्यवहार अर्जासोबत जोडावा, कारण ‘कागद उशिरा आले’ एवढ्या विधानाने ती खात्री पटत नाही.

सीएफएसचे भाडे आणि डिटेन्शन हे खाजगी आकार आहेत. माल सीमाशुल्क खात्याने जप्त केला किंवा अडवून ठेवला असता तर त्या काळाचे भाडे न आकारण्याविषयी नियम आहेत आणि खात्याकडून तसे प्रमाणपत्र घेऊन मागणी करता आली असती. येथे उशीर आपल्या बाजूने झाला असल्यामुळे तो आधार मिळत नाही. घासाघीस करून सूट मिळाली तर तेवढीच. ही रक्कम पुरवठादाराकडून वसूल करता येईल का, हे खरेदी करारावर अवलंबून आहे.

पुढच्या वेळी जहाज येण्याच्या तीस दिवस आधीपासून बिल ऑफ एंट्री दाखल करता येते, याचा उपयोग करावा. कागद अपुरे असतानाच माल पोहोचला आणि लगेच सोडवणे शक्य नसेल तर सीमाशुल्क खात्याची परवानगी घेऊन तो सार्वजनिक गोदामात हलवता येतो. कंटेनर रिकामा होऊन परत गेला की किमान डिटेन्शनचे मीटर तरी तेथेच थांबते.